स्नायू राखून

टेबलावर निजलेल्या मंदाकिनीच्या पोटावर डॉक्टर अबोलींनी निळ्या पेनानं आडवी रेघ ओढली. रेघेखालची कातडी आणि चरबी काढायची आणि वर्षापूर्वी कॅन्सरपायी काढलेल्या स्तनाच्या जागी बसवायची, असा बेत होता. तिचा नवरा नारायण बारामतीच्या दवाखान्यातल्या त्या छोट्याशा खोलीत येरझाऱ्या घालत होता. त्याला गावी, अंथुर्ण्याला परतायची घाई झाली होती. घाईला कारण काहीच नव्हतं. पळ काढणाऱ्याला ते लागतही नाही.

"पोट दुबळं करू नका, म्याडम," तो थांबून म्हणाला. "आईचं दोन्ही पाय गेल्यात. तिला दिवसातनं तीन येळा हीच उचलती."

"म्हणूनच पोटाचा स्नायू जागेवर ठेवायचा," डॉक्टर म्हणाल्या. "त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घ्यायच्या. आठ-नऊ तास लागतात, पण पोटाची ताकद राहते."

मंदाकिनीनं मान उचलली. नर्सरीत डाळिंबाची कलमं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"गुटी कलम बांधताना करतो तसंच की. साल तेवढी काढायची, आतल्या लाकडाला चाकू लागू द्यायचा न्हाय. लागला की फांदी मोडती."

"अगदी तसंच," डॉक्टर हसल्या.

नारायणचा जीव भांड्यात पडला. "म्हंजी घरी आल्या आल्या उचलंल आईला?"

"छे! तीन महिने पाण्याची कळशीसुद्धा नाही. आतले टाके सुटून हर्निया व्हायचा."

"तीन महिनं?" नारायणचे पाय पुन्हा सुरू झाले. खिडकी, दार, खिडकी. "मग ऱ्हाऊ द्या. ह्या वयात कुणाला दाखवायचंय? पदराखाली कुणाला काय दिसतंय?"

मंदाकिनीला ते झोंबलं. वर्षभर ती न्हाणीतला दिवा बंद करून अंघोळ करत होती.

"मला दिसतंय," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. डॉक्टरांनाच विचारलं, "पर तीन महिनं आईला उचलायचं कुणी?"

मंदाकिनी टेबलावर उठून बसली आणि पोटावरची रेघ पुसली जाऊ नये म्हणून तिनं पदर अलगद ओढून घेतला.

"अवो," ती म्हणाली, "त्यांच्या पोटातनं मी न्हाय आले. तुमी आलाय."