पुढचं अपडेट

अण्णांचा कॉम्प्युटर पुन्हा अर्ध्या अपडेटवर अडकला होता, म्हणून दुरुस्तीवाली महिन्याभरात तिसऱ्यांदा त्यांच्या खाटेशी येऊन बसली. अण्णांचं अंग मानेखाली लुळं पडलेलं, वाचाही गेलेली. चालत होते ते फक्त डोळे. पडद्यावरच्या एखाद्या अक्षरावर नजर रोखली की ते उमटायचं, आणि वाक्य झालं की कॉम्प्युटर ते बोलून दाखवायचा. तो बंद, की अण्णा बंद.

“मशीनच जुनं झालंय हो,” अण्णांचा मुलगा म्हणाला. ती आल्यापासून तो खाटेच्या उशाशी उभा होता. “तुम्ही तरी किती हेलपाटे घालायचे? अण्णांनाही आता बोलायचा कंटाळा आलाय. हो ना, अण्णा?”

अण्णा तिच्याकडे बघत होते. पापणी न लववता.

तिने मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर मागच्या दोन्ही वेळची तीच ओळ आली. अपडेट पुरं व्हायच्या आत वीज तुटली होती. बॅटरीने कधीच मान टाकलेली, सगळा कारभार भिंतीतल्या प्लगवर.

“लाइट फार जाते का तुमच्याकडे?”

“छे! आमच्याकडे लाइट कधीच जात नाही,” मुलगा तोऱ्यात म्हणाला, आणि लगेच त्याने जीभ चावली. “म्हणजे... जाते. अधूनमधून.”

कुठेतरी पाणी मुरत होतं. तिने अर्धवट अपडेट काढून टाकलं, नव्याने चढवायला लावलं आणि स्टूल ओढून प्लगला पाठ लावून बसली.

“वेळ लागेल ना? तुम्ही निघा. मी बघतो.”

“अपडेट म्हणजे तान्हं पोर, दादा. अर्ध्या झोपेत उठवलं की घर डोक्यावर घेतं. झोप पुरी होईस्तोवर मी काही हलत नाही.”

तो हसला. हसताना त्याची नजर तिच्या पाठीमागे, भिंतीवर होती. मग तो खोलीत येरझारा घालू लागला. चहा घ्या म्हणाला. ती नको म्हणाली. बाहेर तुमची गाडी कुणाच्या तरी वाटेत आलीय म्हणाला. ती चालत आली होती.

अपडेट संपलं. नजर जुळवण्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यांत ठिपके आले. अण्णांनी ते उपाशी माणसासारखे टिपले.

“बोला, अण्णा.”

मुलगा लगबगीने पुन्हा उशाशी जाऊन उभा राहिला. तिथून पडदा नीट दिसत होता.

अक्षरं एकेक करून उमटली. “पाणी,” कॉम्प्युटर सपाट आवाजात म्हणाला.

“आत्ताच तर दिलं!” मुलगा जागचा हलला नाही.

ती उठणार होती, पण अण्णांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की ती परत खाली बसली. त्या नजरेत तहान नव्हती.

अण्णांचे डोळे पुन्हा पडद्याकडे वळले. “मी मजेत आहे.”

“बघा! मी काय म्हणत होतो?” मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात तिथेच राहिला.

या वेळी अक्षरं फार सावकाश आली. “पुढचं अपडेट कधी?”

तिने अण्णांच्या खांद्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं. पुढचं अपडेट यायला सहा महिने तरी होते.

“उद्या,” ती म्हणाली.

“उद्या? अहो, आज तर झालं!”

“हल्ली रोज येतात. मीही रोज येईन.”

अण्णांनी पहिल्यांदाच डोळे मिटले.

मुलगा तिला दारापर्यंत सोडायला आला. आवाज तोच, मऊ. “उद्या मात्र नका येऊ, मॅडम. आम्ही सगळे बाहेरगावी चाललोय. आठेक दिवस.”

“अण्णासुद्धा?”

“अण्णा?” त्याला प्रश्नच कळला नाही. “अण्णा कुठे जाणार?”

तो दार लावू लागला. तिने खांद्यावरची अवजारांची बॅग उंबऱ्यात टाकली आणि फोन काढला. दार बॅगेला अडलं. त्याने खाली पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ढकललं. या वेळी जोर लावून.