दुसरं चाक

वेळ वाचावा म्हणून खांबेटे सरांनी आपल्या पंचवीस वर्षं जुन्या गाडीची मागची दोन्ही चाकं एकदमच काढली, दोन्ही ड्रम उघडले आणि झिजलेले ब्रेक शू उतरवून ठेवले. तीस वर्षं तंत्रनिकेतनात ब्रेक शिकवलेल्या माणसाला मेकॅनिक कशाला हवा?

दुपारपर्यंत अंगणात स्प्रिंगांचा नुसता पसारा झाला. कुठली कुठे बसवायची, ते सरांना काही केल्या आठवेना. पुस्तकातल्या आकृतीत स्प्रिंगा जागच्या हलत नसत. इथली एक उडून थेट शेजारणीच्या वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडली.

शेवटी सरांना न विचारताच त्यांच्या बायकोने कोपऱ्यावरच्या गॅरेजातून वाघचौरेला बोलावलं. तो सरांचाच जुना विद्यार्थी. तोंडी परीक्षेत सरांनी त्याला विचारलं होतं, "स्प्रिंगांची जागा विसरलास तर काय करशील?"

"दुसरं चाक बघून जोडीन, सर."

"म्हणजे कॉपी!" म्हणत सर खो-खो हसले होते आणि त्यांनी त्याला नापास केलं होतं.

वाघचौरेने दोन्ही बाजू वाकून पाहिल्या. "सर, बघायला एक तरी बाजू ठेवायचीत."

"थिअरी वेगळी असते," सर पुटपुटले.

त्याने वीस मिनिटांत डावी बाजू जोडली, पक्कड सरांच्या हातात दिली आणि स्टूल ओढून समोर बसला.

"आता उजवी तुम्ही जोडा, सर. खुशाल कॉपी करा. मी नापास नाही करणार."