तीन नंबरची बाटली

"घाई करू नका," दुकानदार म्हणाला आणि त्याने पहिल्या बाटलीचं बूच ओढून काढलं. "फक्त तासाभरात टेम्पो निघायला हवा."

लेकीच्या लग्नाची मेजवानी उद्या होती. पाहुणे चारशे. ज्या व्यापाऱ्याकडे वाइन सांगून ठेवली होती, त्याने आज सकाळी हात वर केले. आता परवडेल अशी आणि एवढ्या पाहुण्यांना पुरेल अशी लाल वाइन या दुकानात तीनच प्रकारची होती. तिन्ही कालच आलेल्या, दुकानदाराने स्वतःही न चाखलेल्या.

"या भावात एखादा माल आंबलेला निघतो, आधीच सांगतो," तो म्हणाला. "आणि एकदा गेलेला माल मी परत घेत नाही. पण तुम्ही असताना मला कसली काळजी, नाकसाहेब?"

काळजी नाकसाहेबांना होती. वाइनच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी चाखणाऱ्याची नोकरी केली. हे टोपणनाव तिथलंच. लेकीने सासरी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं, "वाइन माझे बाबा निवडणार." व्याही हॉटेलवाले. पहिल्या घोटात माल ओळखणारे, आणि ओळखलेलं मनात ठेवणारे तर मुळीच नव्हेत. वाइन आंबट निघाली तर पोरीला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं.

आणि नाकसाहेबांचं नाकच गेलं होतं.

हिवाळ्यात दोघं नवराबायको एकाच तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला, पण नाकसाहेबांना वास येईना की चव लागेना. चहा काय आणि गरम पाणी काय, सारखंच. त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्याची सगळी पत नाकावर उभी, त्याने ते सांगायचं तरी कुणाला? त्यांना लाज वाटत होती.

बायकोला मात्र संशय आला असावा. पस्तीस वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं, आणि आता रोज जेवताना विचारायची, "मीठ बरोबर आहे ना?" ही आपली परीक्षा आहे, हे ओळखून ते ठासून सांगत, "अगदी बरोबर." गेल्या रविवारी लेक नोकरीच्या गावाहून जेवायला आली आणि तीन ग्लास पाणी प्यायली. बायको मुद्दाम जास्त मीठ घालते की काय, असं तेव्हापासून त्यांच्या मनात होतं.

तरीही त्यांनी आज तिला सोबत आणलं. त्यांची जुनी पद्धतच होती तशी. आधी स्वतः एक घोट घ्यायचा, मग ग्लास बायकोला द्यायचा, आणि तिचा घोट होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कारखान्यात सगळे यावरून त्यांची चेष्टा करत. आज त्या पद्धतीचाच काय तो आधार होता.

पहिला घोट त्यांनी तोंडात घोळवला. दुकानदार टक लावून बघत होता, त्याच्या त्या बघण्याने त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी ग्लास पुढे केला. बायकोने ओठ लावले आणि लगेच खाली ठेवला.

"ही नको," नाकसाहेब म्हणाले.

दुसरी वाइन त्यांनी कोऱ्या चेहऱ्याने प्यायली. बायकोने नुसते खांदे उडवले.

"चालेल. पण हिच्यात जीव नाही."

दुकानदाराने तिसरी बाटली उघडली. ही शेवटची. त्यांनी डोळे मिटले, पोरीचा चेहरा आठवला आणि बराच वेळ घोट तसाच तोंडात धरून ठेवला. डोळे उघडून ग्लास दिला. बायको प्यायली, गालातल्या गालात हसली आणि तिने आणखी एक घोट घेतला.

नाकसाहेबांच्या जिवात जीव आला.

"तीन नंबर," ते म्हणाले. "सगळी हीच भरा."

दुकानदाराने चाखून बघायला ग्लास उचलला होता, तो खाली ठेवला. "तुम्ही म्हणालात, आता मी काय चाखायचं?" असं म्हणून तो खोकी मोजायला गेला.

टेम्पो भरत असताना लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर नाकसाहेबांना राहवेना. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोपासून एवढं मोठं काही लपवलं नव्हतं.

टेम्पो कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला, तेव्हा ते म्हणाले, "अगं, रागावू नकोस. त्या तापापासून मला कसलीच चव लागत नाही. मघाशी आत मी नुसता तुझा चेहरा बघत होतो."

बायकोने टेम्पो गेला त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आणि मी तुमचा."