तिसरी खुर्ची

"इतक्या खाली?" गजानन दारातच थबकला. "अगं, गुडघ्याशी तसबिरी लावतं का कुणी?"

रत्नप्रभेने ओठांत धरलेला खिळा काढला. "उभ्याउभ्या कोण बघणार आहे? बसा, मग सांगा."

तो बसला नाही. पाच वाजता चित्रेसाहेब आणि त्यांच्या पत्नी चहाला यायच्या होत्या. विमा कचेरीतली गजाननची वर्षभराची उमेदवारी संपत आली होती. त्याला कायम करायचं की नाही, तो शेरा साहेबांच्या हातात. आणि आदर्श नगरातल्या या दोन खोल्यांत खुर्ची म्हणून नव्हती.

जे होतं ते रत्नप्रभेने तीन आठवड्यांत उभं केलेलं. बदलीच्या सामानाची खोकी पालथी घालून केलेले चौरंग. छापा सरकला म्हणून सांगानेरच्या छापखान्यात बाजूला पडलेलं कापड तिने स्वस्तात उचललं होतं. त्याचे लोडांना अभ्रे. त्यांवरची फुलं देठांपासून बोटभर दूर उमललेली. माहेरची गोधडी. टवका उडालेला निळा कुंडा, टवक्याची बाजू भिंतीकडे केलेली. फुटक्या कोब्याला गेरूचा हात दिलेला, आणि त्यावर पांढऱ्या खडीने काढलेला भलाथोरला मांडणा: चौकात चौक, मधोमध मोर.

मांडणा काढायला दूधवाली धापू दोन दुपारी येऊन बसली होती. रेघ ओढता ओढता रत्नप्रभा आपली गुणगुणायची,

*दारी आला पाव्हणा, बाई काय मी अंथरू,*
*सारवल्या भुईवरी उन्हाचं गं पाखरू.*

"तुमची रांगोळी सकाळी झाडली की गेली, बाईसा," धापू म्हणाली होती. "हा मांडणा पायांनीच जायचा. जितकी माणसं येतील तितका लवकर."

गजानन अजून दारातच होता. "साहेब काय जमिनीवर बसणार?"

"आपण बसतोच की."

"आपली गोष्ट वेगळी. ती सिव्हिल लाइन्समधली माणसं. मतलब..."

"मतलब त्यांना गुडघे नसतात?"

त्याला हसू आलं नाही. "चावलाजींकडे खुर्च्या आहेत. मागून आणतो," म्हणत तो शेजारी गेलासुद्धा.

दोन खुर्च्या आल्या. त्याने त्या खोलीच्या मधोमध ठेवल्या, एक मोराच्या पिसाऱ्यावर, एक मानेवर. रत्नप्रभा उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. दोन खुर्च्या काय आल्या, खोली एकदम गरीब दिसायला लागली. तसबिरी कुणीतरी लावायच्या विसरून भिंतीला टेकवून ठेवल्यासारख्या. लोड, गोधडी, चौरंग, सगळंच हातातून खाली सांडल्यासारखं.

"काढून टाकू का सगळं?" तिने विचारलं.

"आता वेळ कुठे आहे?" तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "आणखी एक आणतो. मी उभा राहिलो तर ते बरं दिसणार नाही."

"आणि मी?"

"तुझं चहाचं बघायचं असेल ना," म्हणून तो पुन्हा गेला.

तेवढ्यात जीप थांबली. साहेब आत आले, नमस्कार झाला, आणि सवयीने ते समोरच्या खुर्चीवर बसले. बुटांसकट. त्यांच्या पत्नी विजयमालाबाई दुसऱ्या खुर्चीपाशी गेल्या, पण टेकल्या नाहीत. खाली बघत राहिल्या.

"खुर्चीचा पाय मोराच्या मानेवर आलाय हो," त्या म्हणाल्या.

"असू दे," रत्नप्रभा पुटपुटली. "चालेल."

"त्याला कुठे चालतंय?" बाईंनी स्वतःच खुर्ची उचलली, अंगणात नेऊन ठेवली, चपला काढल्या आणि परत येऊन सरळ गोधडीवर बसल्या. पाठीशी लोड ओढला. मान वर केली आणि तशाच राहिल्या. समोर, अगदी डोळ्यांपुढे, रत्नप्रभेच्या वडिलांनी काढलेला एक फोटो होता.

"हा वाईचा घाट."

"हो. माझं माहेर."

विजयमालाबाई फोटोकडे जरा सरकल्या. मग म्हणाल्या, "अकरा वर्षांत पाच गावं झाली आमची. सरकारी सोफा आमच्या आधी येऊन बसलेला असतो. मी कधी खिळासुद्धा ठोकला नाही बघ. म्हटलं, कशाला? पुन्हा काढायचाच." त्यांनी अभ्र्यावरच्या एका फुलावरून बोट फिरवलं, मग त्याच्या दूर राहिलेल्या देठावरून. "अहो, तुम्हाला तिथून काय दिसतंय?"

साहेबांनी भोवताली पाहिलं. त्यांच्यासमोर नुसता कोरा चुना होता. रत्नप्रभेने दिलेला चहाचा कप हातात, आणि चौरंग हाताला न येणारा. ते कप ठेवायला वाकले, तेव्हा त्यांना आपले बूट दिसले आणि बुटांखालचा पिसारा. ते तसेच वाकून नाडी सोडू लागले.

गजानन तिसरी खुर्ची डोक्यावर घेऊन आला, तेव्हा दुसरीही खुर्ची अंगणात गेली होती. साहेब लोडाला टेकून मांडी घालून बसले होते, आणि त्यांच्या एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. गजानन कधी त्या अंगठ्याकडे बघे, कधी रत्नप्रभेकडे. डोक्यावरची खुर्ची त्याला खाली ठेवता येईना.

"दामले, बसा खाली," साहेब म्हणाले. "तिथून काही दिसत नाही."

त्याने खुर्ची बाहेर ठेवली आणि कडेने, मोर चुकवत, येऊन बसला. रत्नप्रभा त्याच्याकडे बघत होती. त्याची नजर आधी साहेबांवर गेली, मग चहावर, मग भिंतीवर. तिथे ती थांबली.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसलं की कृष्णेचं पाणी जिथे दिसतं, बरोबर तिथेच फोटोतलं पाणी होतं.