ताटाशेजारची पुरचुंडी

दात सरळ करायचे माझे पारदर्शक अलाइनर मी जेवताना काढून, टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवायचे. आई आवरताना ती पुरचुंडी कचऱ्यात टाकायची. मग ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरॅटच्या घरामागच्या अंगणात दर रविवारी आम्ही दोघी पिंपात कोपरापर्यंत हात घालून, मटणाच्या हाडांतून माझे अलाइनर शोधायचो.

"डॉक्टरांनी डबी कशाला दिलीय गं, टेस?"

"आणि तू न बघता टाकतेस कशाला?"

काल, आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, बाबांनी मटण भाजलं आणि करपवलं. डबी माझ्या खिशातच होती. तरी मी अलाइनर टिश्यूतच गुंडाळले आणि पुरचुंडी तिच्या खुर्चीकडे सरकवून ठेवली.

बाबांनी सगळं आवरलं. टेबल पुसताना फडकं मात्र पुरचुंडीच्या कडेकडेनं फिरवलं.