पिवळी पाटी

"यंदाही जमत नाही गं, रजाच नाही," असं आईला फोनवर सांगून धैर्यशील पुन्हा कामाला लागला. परदेशातल्या, सेम्बावांगच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल अडवून तो दर शनिवार-रविवार गावच्या रेल्वे स्टेशनचं मॉडेल बनवत होता. रुळांमध्ये खडी म्हणून चहाचा वाळवलेला चोथा पसरला, फलाटावर काड्यांचा कडुनिंब उभा केला. सगळ्यात जास्त जीव ओतला तो गावाच्या नावाच्या पिवळ्या पाटीत. पुण्यात नोकरीला असताना गावी गेला, की गाडीतून उतरल्या उतरल्या तो त्याच पाटीचा फोटो आईला पाठवायचा.

मॉडेल पुरं झालं, तसा त्याने मोबाइल त्या चिमुकल्या फलाटावर आडवा टेकवला आणि पाटीचा फोटो काढला. "सो रिअल लाह, बाबा!" लेक तिथल्या इंग्रजीत ओरडली. हौसेने त्याने तो लगेच आईला पाठवला आणि तिच्या कौतुकाची वाट बघत बसला.

तासाभराने आईचा फोन आला. तिला धाप लागली होती. मागे गाडीचा भोंगा ऐकू येत होता.



"अख्खा फलाट पालथा घातला मी. कुठं उभा आहेस रे बाळा?"