टाकीतला सोबती

सोचिमिल्कोच्या कालव्यांत आता क्वचितच दिसणाऱ्या, चार पायांच्या, हसऱ्या तोंडाच्या अहोलोतांची एक जोडी एवारिस्तोने घरच्या काचेच्या टाकीत पाळली होती. त्यांना सोबत म्हणून त्याच्या मुलाचा धर्मपिता, म्हणजे त्याचा 'कंपाद्रे', नाबोर याने एक मासा आणून दिला. "अगदी गरीब आहे," म्हणाला. आठवडाभरात एक अहोलोत नाहीसा झाला.

एवारिस्तो तडक धक्क्यावर गेला आणि सगळ्या होडीवाल्यांसमोर नाबोरवर ओरडला, "तुमचा गरीब मासा माझा अहोलोत गिळून बसला, कंपाद्रे! पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नका!"

घरी पोरगं अंगणात हुंदडत होतं. त्याचा जुनाट खोकला पार पळाला होता.

"आई, तुझ्या औषधाला मानलं बुवा," एवारिस्तो म्हणाला. पोराचं नाक दाबून ते त्यानेच तर पाजलं होतं.

"माझ्या आजीचं औषध ते," म्हातारी बाटली विसळत म्हणाली. "तिच्या वेळी कालव्यात हवे तेवढे अहोलोत मिळायचे. मला मेलीला तुझ्या टाकीतला उकळावा लागला."

तेवढ्यात नाबोरची हाक आली. रिकामी बादली घेऊन तो उंबरठ्याबाहेरच उभा होता.

"मासा घेऊन जातो, कंपाद्रे," तो म्हणाला. "पोराचा खोकला कसा आहे?"